जुन्या साड्या, तूरडाळ आणि तराजू

मागच्या अंकात मणिपूरच्या मदत छावण्यांवर (मैतेई आणि कुकी-झो समाजांत २०२३ मध्ये पेटलेल्या हिंसाचारात घरं सुटलेले लोक तिथे राहतात) माझं टिपण आलं आणि संपादकांकडे बरीच पत्रं जमली. त्यातली सात निवडून उत्तरं देतो आहे. नव्या वाचकांसाठी माझी ओळख: सांगली जिल्ह्यात पुरवठा खात्यात मी एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बावीस गोदामपाल म्हणून. निवृत्तीनंतर एका मदत संस्थेच्या साठ्याचं काम बघतो. ऑक्टोबर २०२३ पासून तीन वेळा मणिपूरला जाऊन राहिलो, खोऱ्यातल्या छावण्यांतही आणि डोंगरातल्याही. मला जे कळतं ते गोदामाच्या दारात उभं राहून कळलेलं आहे, तेवढंच सांगतो.

आमच्या महिला मंडळाने तीन सोसायट्यांतून २३ गोण्या कपडे गोळा केले आहेत. बऱ्याच साड्या आहेत, काही तर घडीही न मोडलेल्या. मणिपूरच्या छावणीचा पत्ता द्यावा. (एक वाचक, डोंबिवली)

ताई, पत्ता देत नाही. रागावू नका, कारण ऐका.

तिथे साडी नेसत नाहीत. इंफाळच्या खोऱ्यातल्या मैतेई बायका फनेक गुंडाळतात, वर इनाफी घेतात. डोंगरातल्या कुकी-झो बायका पुआन गुंडाळतात. तरुण मुली पँट आणि टीशर्टमध्ये असतात. मोइरांगजवळच्या एका छावणीत आमच्या आधी कुणीतरी पाठवलेल्या साड्यांचा ढीग मी पाहिला. त्याच्या पट्ट्या फाडून वाळत घालायच्या दोऱ्या केल्या होत्या आणि दोन कुटुंबांच्या मधे पडदे लावले होते. उपयोग झाला म्हणा, पण ज्या बाईनं ती काठापदराची साडी जपून दिली असेल तिच्या मनात हे नक्कीच नव्हतं.

दुसरं, गोण्या पोचवायचा खर्च. रेल्वेनं गुवाहाटी, तिथून ट्रकनं दिमापूर, मग कोहिमावरून राष्ट्रीय महामार्ग २ नं इंफाळ. हा रस्ता कांगपोकपी जिल्ह्यातून जातो आणि तिथे अनेकदा नाकाबंदी झालेली आहे. चुराचांदपूरला माल न्यायचा तर बहुतेक वेळा मिझोराममधून, ऐझॉलच्या बाजूनं. तो रस्ता लांबचा, आणि पावसात ट्रक दोन-दोन दिवस चिखलात उभे. तुमच्या २३ गोण्यांच्या भाड्यात तिथल्याच बाजारातून किती घोंगड्या येतील याचा हिशेब मी केला. आकडा इथे देत नाही, पण तो बघून मला वाईट वाटलं.

तिसरं कारण मी आपल्याच जिल्ह्यात शिकलो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीला कपड्यांचे ट्रकच्या ट्रक आले. न धुतलेले, बटणं तुटलेले, एकाच पायाचे बूट. निवडायला माणसं नव्हती, म्हणून ढीग पावसात भिजला, त्याला वास सुटला आणि शेवटी तो उचलायला पालिकेच्या गाड्या लावाव्या लागल्या. ज्या हमालांनी त्या दिवसांत पाण्याचे बॉक्स उतरवायला हवे होते ते कपडे उपसत होते. पूरग्रस्त बाई ढिगापुढे वाकून आपल्या मापाचा परकर शोधते आहे, हे दृश्य मला अजून दिसतं. तिचं घर वाहून गेलं होतं. निदान नवा परकर तिला हातात मिळायला हवा होता.

मग काय द्यावं? छावणीतल्या बायकांनी मला स्वतः सांगितलेल्या वस्तू अशा: अंगात घालायचे आतले कपडे, नवे आणि तीन-चार मापांत. पाळीची सामग्री. झाकणाची बादली, कारण पाणी भरायचं, साठवायचं आणि लपवून कपडे धुवायचे हे सगळं त्या एकाच वस्तूत होतं. छत्री. टॉर्च, कारण संडास लांब असतो. आणि थंडीच्या आधी ब्लँकेट, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तिथे पारा चार-पाच अंशांवर येतो. पण हेही इथून पाठवू नका. मंडळानं पैसे जमवा आणि तिथे काम करणाऱ्या संस्थेला द्या, ती इंफाळच्या किंवा लामकाच्या बाजारातून घेईल. (चुराचांदपूर शहराला तिथले लोक लामका म्हणतात.) त्या बाजारातल्या दुकानदारांचाही धंदा बसलेला आहे.

साड्या तुमच्या भागातच द्या. घरकाम करणाऱ्या बायकांना विचारा, आधी त्यांना निवडू द्या.

छावणी म्हणजे नेमकं काय असतं? रोजचं कसं चालतं? वर्तमानपत्रात फक्त आकडे येतात. (बी.ए.चा विद्यार्थी, लातूर)

चांगलं विचारलंस. आकडे मीही देणार आहे, पण वेगळे.

पार्श्वभूमी थोडक्यात. ३ मे २०२३ ला मणिपूरच्या डोंगरी जिल्ह्यांत आदिवासी विद्यार्थी संघटनेचे मोर्चे निघाले. मैतेई समाजाला अनुसूचित जमातीत घेण्याच्या मागणीला आणि त्यासंबंधीच्या उच्च न्यायालयाच्या आदेशाला त्यांचा विरोध होता. त्याच दिवशी चुराचांदपूर आणि बिष्णुपूरच्या सीमेवर तोरबुंगला हिंसाचार पेटला आणि राज्यभर पसरला. जमिनीचे, जंगलाचे, सत्तेतल्या वाट्याचे जुने वाद त्यामागे होतेच. अडीचशेहून जास्त माणसं गेली, साठ हजारांच्या आसपास लोकांची घरं सुटली. मैतेई डोंगरातून खोऱ्यात पळाले, कुकी-झो खोऱ्यातून डोंगरात. काही हजार लोक मिझोराममध्ये गेले.

हे लोक राहिले कुठे? शाळांत, कॉलेजांत, चर्चच्या सभागृहांत, सामाजिक भवनांत. वर्गखोलीत बाकं भिंतीला लावायची आणि जमिनीवर सात-आठ कुटुंबं. मी जिथे पहिल्यांदा काम केलं त्या छावणीत ४१२ माणसं होती. आता गोदामाचा हिशेब कर. माणशी रोज ४०० ग्रॅम तांदूळ धरला तर १६५ किलो, म्हणजे पन्नास किलोची तीन पोती आणि वर पंधरा किलो. रोज. ट्रक चार दिवस अडला तर तेरा पोती शिल्लक हवीत, म्हणून मी वीसच्या खाली थप्पी कधी जाऊ दिली नाही. पाणी: मदतकार्याचा जगभर मानला जाणारा किमान हिशेब माणशी रोज १५ लिटर. म्हणजे ६,१८० लिटर, हजार लिटरच्या सहा टाक्या भरूनही कमीच. संडास वीस माणसांमागे एक, म्हणजे एकवीस हवेत. तिथे सहा होते. म्हणून बायका पहाटे तीनला उठून रांग लावायच्या आणि दिवसभर पाणी कमी प्यायच्या. लघवीच्या जळजळीच्या तक्रारी घेऊन डॉक्टरांकडे इतक्या जणी का येतात, हे मला टाक्यांच्या नोंदवहीवरून कळलं.

सगळ्याचं मूळ यादी. आपल्याकडे शिधापत्रिकेवर युनिट असतात तशीच तिथे छावणीची यादी. कुटुंबप्रमुख, माणसं, वयं, गरोदर किती, तान्ही किती, साखरेचं किंवा रक्तदाबाचं औषध कुणाला. माणसं सारखी हलतात. कुणी नातेवाइकाकडे जातं, कुणी परत येतं, कुणी बाळंत होतं. यादी आठवड्यानं जरी जुनी झाली तरी कुणाच्या तरी ताटात भात कमी पडतो. मी रोज संध्याकाळी खोलीखोलीतून फिरायचो. दुभाष्या म्हणून बारावीतली एक मुलगी बरोबर असायची, परीक्षा बुडालेली. तिनं तिसऱ्या दिवशी माझी वही हातात घेतली आणि नवा रकाना आखला: "एकटे". ज्यांचं कुणीच बरोबर नाही असे. अकरा नावं निघाली, त्यातले सात म्हातारे. रांगेत ते उभेच राहात नव्हते, म्हणून त्यांना काही मिळतच नव्हतं. नोकरीत इतक्या याद्या तपासल्या, पण हा रकाना मला कधी सुचला नव्हता.

एक चूक माझ्या हातून झाली तीही सांगतो. पहिल्या खेपेला मी आग्रहानं तूरडाळ मागवली, लातूरचीच. चांगल्या प्रतीची. पण ती शिजायला वेळ लागतो आणि तिथे लाकूडफाटा मोजून मिळत होता. तीनशे-चारशे माणसांचं वरण चुलीवर दोन-दोन तास. स्वयंपाकाच्या बाया काही बोलल्या नाहीत, चौथ्या दिवशी त्यांनी डाळ नुसती बाजूला ठेवली. तिकडे मसूर खातात, ती पटकन शिजते. विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. खोऱ्यातल्या छावणीत लोकांना सगळ्यात जास्त आठवण येत होती ती ङारीची, म्हणजे सुकवून आंबवलेल्या मासळीची. ती चटणीत घातल्याशिवाय त्यांचं जेवण जेवण नसतं. यादीत "आवश्यक वस्तू" म्हणून ती कुणी धरत नाही. मी पुढच्या महिन्यापासून धरली, आणि भात उरायचा बंद झाला.

तुम्ही दोन्ही बाजूंना मदत करता. ज्यांनी आधी आग लावली त्यांनाही तांदूळ द्यायचा का? (निवृत्त शिक्षक, वाई)

गुरुजी, तुमचा राग मी समजू शकतो. पण आग लावणारे मला रांगेत दिसले नाहीत. रांगेत पोरं होती, बाळंतिणी होत्या, पक्षाघात झालेला एक सुतार होता. त्यांचं घर कुणी जाळलं हे त्यांना विचारून तांदूळ मोजायचा, असं मला जमणार नाही.

गुन्ह्याचा तपास आणि शिधा ही दोन वेगळी खाती आहेत, वेगळीच राहिली पाहिजेत. तपासासाठी न्यायालय आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मदत आणि पुनर्वसन बघायला तीन निवृत्त महिला न्यायमूर्तींची समिती नेमली. त्यात आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्या शालिनी फणसळकर-जोशी होत्या. तपासावर देखरेख करायला महाराष्ट्राचे माजी पोलीस महासंचालक दत्तात्रय पडसलगीकर यांना नेमलं. दोषींना शिक्षा व्हावी असं मलाही मनापासून वाटतं, आणि ती अजून किती जणांना झाली नाही याची चीडही येते. पण ती चीड मी वजनकाट्यावर आणू शकत नाही.

दोन्हीकडे जाण्याचं दुसरं कारण अगदी व्यवहाराचं आहे. इंफाळहून चुराचांदपूर साठ-पासष्ट किलोमीटर. मैतेई ड्रायव्हर डोंगरात जाऊ शकत नाही, कुकी ड्रायव्हर खोऱ्यात येऊ शकत नाही. मधला पट्टा सुरक्षा दलांच्या ताब्यात. तिथून माल नेतात ते पांगल म्हणजे मणिपुरी मुसलमान ड्रायव्हर, नाहीतर बाहेरचे. आमची गाडी क्वाक्ताच्या एका पांगल ड्रायव्हरची होती. खोऱ्यात मैरा पाइबींच्या, म्हणजे वस्तीवर पहारा देणाऱ्या मैतेई महिला संघटनेच्या, बायका गाडी थांबवायच्या, पोती उघडून बघायच्या, माझं आधार कार्ड उलटसुलट करायच्या. पुढे डोंगराच्या बाजूला गावची पोरं तेच करायची. दोन्हीकडे प्रश्न एकच: "त्यांना पण देता का?" मी दोन्हीकडे एकच उत्तर द्यायचो, हो, देतो, आणि आवक-जावकची वही पुढे करायचो. एकच वही, दोन्ही बाजूंच्या नोंदी एकाखाली एक. एका नाक्यावर एका बाईनं ती पाच मिनिटं वाचली. नुसते आकडे होते, तिला भाषा यायची गरज नव्हती. तिनं दोन्हीकडच्या पोत्यांची बेरीज बोटांवर केली आणि गाडी सोडली. त्या दिवशी बाजू घेतलेली असती तर गाडी तिथेच राहिली असती, आणि पलीकडच्या ४१२ जणांची रात्र उपाशी गेली असती.

तान्ह्या बाळांसाठी दूध पावडरचे डबे पाठवावेत का? (वाचक, नागपूर)

नाही. अजिबात नाही. छावणीत पाणी स्वच्छ नसतं, बाटली उकळायला इंधन नसतं. अशा पावडरनं बाळांना जुलाब होतात आणि ते जिवावर बेतू शकतं. शिवाय डबे फुकट मिळाले की अंगावर पाजणाऱ्या आया घाबरून ते सुरू करतात आणि त्यांचं दूध आटतं. आईला पोटभर जेवण, पाणी आणि बसायला आडोसा द्या. ज्या बाळाला आईच नाही त्याचा निर्णय डॉक्टर घेतील, तो डबा डॉक्टरांच्याच कपाटात असावा.

देणगीवर आयकर सवलत मिळते का? (वाचक, ठाणे)

संस्थेकडे देणगीवरच्या करसवलतीची मान्यता (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०जी) असेल तर मिळते, तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर. दोन हजारांवरची रक्कम रोख देऊ नका, सवलत मिळणार नाही. वस्तू दिल्या तर त्यावर सवलत नाही. पावतीबरोबर, आर्थिक वर्ष संपल्यावर देणगीचं प्रमाणपत्रही (त्याच कायद्यातला फॉर्म दहा-बीई) मागून घ्या.

माझी मुलगी पुण्यात शिकते. तिच्या खोलीत मणिपूरची एक मुलगी आहे, तिचं गाव जळालं. तिच्याशी काय बोलावं ते आम्हाला कळत नाही. (आई, सातारा)

दिवाळीला घरी बोलवा. मणिपूरबद्दल काही विचारू नका, ती सांगेल तेव्हा ऐका. "तू कुठल्या बाजूची" हा प्रश्न तिला रोज कुणीतरी विचारतच असणार.

आणि एक नेमकं काम तुम्ही करू शकता. अशा मुलांची कागदपत्रं जळालेली असतात: दहावीचं गुणपत्रक, जातीचा दाखला, आधार. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विस्थापितांची ओळख पडताळून आधार पुन्हा देण्याचे निर्देश दिले होते, पण बाकीचे कागद ज्याचे त्यानंच मिळवायचे असतात. दुसऱ्या प्रतीसाठी बोर्डाला अर्ज करायला, प्रतिज्ञापत्र करायला, कॉलेजच्या कार्यालयात मुदत वाढवून मागायला तिच्याबरोबर कुणी मोठं माणूस गेलं तर फार फरक पडतो. कारकुनासमोर एकट्या मुलीचं ऐकलं जात नाही, हे मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसून पाहिलेलं आहे. तिची फी, मेसचे पैसे घरून येणं थांबलं आहे का, तेही मुलीकडून हळूच काढून घ्या.

१९७१ मध्ये शिक्षक भैयाजी काणे मणिपूरच्या उख्रुल भागात गेले आणि पुढे तिथली मुलं महाराष्ट्रात शिकायला आणली. आपल्याकडच्या कितीतरी घरांनी तेव्हा त्या पोरांना पानात वाढलं. तुमचं घर काही वेगळं करणार नाही.

इतकी वर्षं छावणीत कशाला राहायचं? फुकट मिळतं म्हणून लोक आळशी होत नाहीत का? (व्यापारी, इचलकरंजी)

शेटजी, तुम्ही स्पष्ट विचारलंत ते बरं केलंत. अनेकांच्या मनात आहे.

शेती मधल्या पट्ट्यात असेल तर तिथे जाता येत नाही, गेलं तर गोळी लागायची भीती. भात लावायचा जून-जुलै एकामागून एक गेले. घर जाळून सपाट केलेलं. सरकारनं काही ठिकाणी तयार भागांची घरं उभारली, सजीवाला, क्वाक्ताला, तिथे काही कुटुंबं गेली. पण एका खोलीत शेत येत नाही. आणि जिरीबाममध्ये नोव्हेंबर २०२४ ला मदत छावणीतल्याच तीन बायका आणि तीन मुलं पळवून मारली गेली. हे ऐकल्यावर कोण हौसेनं आपल्या गावाकडे निघेल?

आळशी म्हणाल तर मी पाहिलेलं सांगतो. दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा बायका सुयांवर लोकरीच्या बाहुल्या विणत होत्या, विकायला. पुरुष पहाटे मजुरीच्या नाक्यावर. आणि मोइरांगकडच्या छावणीच्या फाटकाशी एक इमा बसायची. इमा म्हणजे आई, तिथे वयस्कर बाईला असंच हाक मारतात. ती सकाळी बाजारातून भाजी घाऊक आणायची, मोहरीची पानं, योंगचाकच्या लांब शेंगा, आणि फाटकावर वाटे लावून विकायची. तराजू तिच्या जुन्या दुकानाबरोबर जळाला होता. वाट्यांवरून गिऱ्हाइकं भांडायची, मग ती वाटा मोठा करायची आणि संध्याकाळी हातात काही उरायचं नाही.

मी निघताना नेहमी विचारतो तसं तिलाही विचारलं, पुढच्या वेळी काय आणू? मला वाटलं घोंगडी म्हणेल. तिनं दोन्ही हात तराजूच्या पारड्यांसारखे वरखाली केले.

तिसऱ्या खेपेला मार्केट यार्डातून पाच किलोचा हातकाटा नेला, वजनमापवाल्यांचा शिक्का मारून घेतलेली वजनं घेऊन. तिनं आधी एक किलोचं वजन तळहातावर तोलून बघितलं, बराच वेळ. मग काट्याची दांडी उचलून रिकामी पारडी सारखी होतात का ते मला दाखवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. पहिलं माप तिनं मोहरीच्या पानांचं केलं, पाव किलो, एका शाळकरी मुलीला.

त्या छावणीतल्या आणखी चौघींनी तराजू मागितले आहेत. तुमच्या पेठेत इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून जुने हातकाटे माळ्यावर पडलेले असतील. शेटजी, या स्तंभातून मी वस्तू मागत नाही, पण ही मागतो. दांडी सरळ हवी, वजनांवर चालू मुदतीचा शिक्का हवा. चारच पाठवा, संपादकांच्या पत्त्यावर. बाकी तांदळाचं मी बघतो.